‘मॉंगूस’ : एका इंग्रजी शब्दाची कुळकथा

परभाषेच्या कोशांत आपल्या भाषेचें नांव दिसलें कीं मनुष्यास सहजच धन्यता वाटते. पण धन्यता हें व्युत्पत्तीचें प्रमाण नव्हे. अमुक इंग्रजी शब्द मूळचा आमचाच, असें केवळ उच्चारसाम्यावरून ठोकून देणाऱ्या लेखांचा आपल्याकडे तुटवडा नाहीं, आणि त्यांच्या गर्दींत खरा दावाही हास्यास्पद ठरतो. म्हणून मराठीची बाजू जेथें खरोखर बळकट आहे, असा एक जुना इंग्रजी शब्द आम्ही येथें तपासावयास घेतला आहे. तो शब्द ‘मॉंगूस’. म्हणजे आपलें मुंगूस.

ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर हा १६७३ सालीं मुंबईस आला. सुरत, जुन्नर, कारवार इत्यादि ठिकाणीं तो हिंडला. त्याचें प्रवासवर्णन १६९८ सालीं लंडनास छापलें गेलें, व त्यांत हा प्राणी याच नांवानें आला आहे. म्हणजे इंग्रजींत या शब्दाचें वय सव्वातीनशे वर्षांहून अधिक भरतें. तथापि यूल व बर्नेल यांनीं १८८६ सालच्या आपल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशांत मूळ शब्द तेलुगू मानला, आणि जर्डन हा तो दख्खनी व मराठी म्हणून देतो, एवढीच पुस्ती जोडली. पुढील इंग्रजी कोशकारांचा कौल मात्र बहुधा मराठीकडे आहे. या दोन मतांपैकीं ग्राह्य कोणतें?

प्रथम ध्वनि पाहूं. तेलुगू ‘मुंगिस’ यांत मधला स्वर इकार आहे. कानडी ‘मुंगुसि’ अधिक जवळचा. पण हे दोन्ही शब्द स्वरान्त आहेत. दीर्घ ऊकार आणि त्यावर लागलीच तुटणारा सकार ही इंग्रजी शब्दाची ठेवण मराठी ‘मुंगूस’ या उच्चाराशीं तंतोतंत जुळते.

आतां मार्ग. सुरतेच्या वखारींत गुजराती ‘नोळियो’ कानीं पडावयाचा, उत्तरेस ‘नेवला’, तमिळ व मलयाळम मुलखांत ‘कीरी’. तमिळ ‘कीरिपिळ्ळै’ हा शब्द पोर्तुगिजांच्या तोंडीं ‘क्विरपेले’ होऊन कोशांत शिरला. पण चालला नाहीं. मुंबई आणि राजापूर येथील वखारींच्या भोंवतीं मात्र मराठीच बोलली जात होती. मच्छलीपट्टणची वखार १६११ ची, म्हणून तेलुगूचा मार्गही अगदीं बंद होता असें नाहीं. यास्तव आमचा निर्णय मुख्यतः ध्वनीवर उभा आहे, मार्गाची त्यास साक्ष आहे, इतकेंच आम्ही म्हणतों.

पण येथें थांबणें अर्धवट होईल. मराठीनें हा शब्द कोठून आणला? संस्कृत ‘नकुल’ याची संतति ‘नेवला’ व ‘नोळियो’. मुंगूस त्या गोत्राचें नव्हे. प्लॅट्सनें संस्कृत ‘मक्षु’, म्हणजे त्वरेनें, या शब्दाशीं संबंध सुचविला, तोही साशंकपणें. आणि क्षकाराचा गकार कसा झाला याचें उत्तर त्यांतून मिळत नाहीं. शेजारच्या कानडी-तेलुगूंत जोडीचे शब्द असतां संस्कृताचा हट्ट कशाला? मराठीनें शेजाऱ्यांकडून घेतलें आणि इंग्रजांस दिलें, हेंच संभवनीय दिसतें. ज्यांस यांत कमीपणा वाटेल, त्यांनीं आपल्या स्वयंपाकघरांतील निम्मे शब्द परत करावे लागतील, हें ध्यानांत घ्यावें.

आम्हांस महत्त्वाची वाटते ती गोष्ट निराळीच. ‘नकुल’ शब्दाची प्रतिष्ठा केवढी! पांडवांतील एकाचें तें नांव. पंचतंत्रांत व महाभारताच्या अश्वमेधपर्वांत त्याच्या कथा. पण जगभर गेला तो हा पंडितांचा शब्द नव्हे. सिंधुदुर्गांतील नांदगांवीं कुंपणाच्या कडेनें सुळकन् निघून जाणाऱ्या प्राण्यास कोणी नकुल म्हणत नाहीं. मुलें ज्याला रामाची शपथ घालून तोंड दाखवावयास सांगतात, तें मुंगूसच. १८७२ सालीं उंसांतील उंदीर मारण्यासाठीं कलकत्त्याहून नऊ मुंगसें जमेका बेटांत नेलीं. प्राणी बंगालचे, जेथें त्यांस ‘बेजी’ म्हणतात. पण नांव गेलें तें दख्खनचें.

इंग्रजांनींही या शब्दास आपला पेहराव चढविला. त्यांच्याकडे ‘गूस’ नांवाचा हंसजातीचा पक्षी आहे. त्याच्या वळणावर शेवटचें अक्षर लिहिलें गेलें, आणि अनेकवचन ‘मॉंगीस’ कां नव्हे, असा प्रश्न विलायती पोरांस पडूं लागला. यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. पोर्तुगिजांच्या ‘अफोंसो’ नांवाचा ‘हापूस’ करून तो देवगडच्या बागांतून आपण मिरवितोंच कीं! मुंगूस तिकडे पक्षी झालें, अफोंसो इकडे आंबा झाला. लोकभाषेचा व्यवहार दोन्हीं किनाऱ्यांवर सारखाच.

मोल्सवर्थनें १८३१ सालीं मराठीचा कोश केला, कृ. पां. कुलकर्णी यांचा व्युत्पत्तिकोश १९४६ सालीं निघाला. परंतु मालवणी मुलखांतील झाडें, मासे, कीटक यांचीं कितीएक नांवें म्हाताऱ्यांच्या जिभेवरच आहेत, आणि शाळेंतील पुस्तकी शब्द त्यांची जागा घेत आहेत. परक्या वैद्यानें कान देऊन टिपलेला आपला शब्द आपण कौतुकानें मिरवावा, आणि घरच्या ओटीवरील शब्द मात्र गांवठी म्हणून टाकावा, ही रीत आम्हांस शोभत नाहीं. कोशांतील मराठीचें नांव हें बक्षीस नव्हे. ऐकून टिपून ठेवण्याच्या कामाची ती आठवण आहे.