बॉमोलचा ‘खर्चाचा आजार’ बोदवडला होतो का?

नेट-सेटच्या नोट्समध्ये विल्यम बॉमोल चार ओळींत उरकलेला असतो. चार वादकांना एखादी रचना वाजवायला 200 वर्षांपूर्वी लागायचा तेवढाच वेळ आजही लागतो, पण त्यांचं मानधन वाढलंय. का? कारखान्यात उत्पादकता वाढली की मजुरी वाढते, आणि वादक टिकवायचा तर त्यालाही वाढवून द्यावं लागतं. म्हणून शिक्षण, आरोग्य, कला महाग होत जातात. झालं, पुढचा प्रश्न.

तुम्ही मात्र त्याचा 1967 चा मूळ लेख काढून वाचाच. गृहीतकं त्याने लपवलेली नाहीत. त्यातलं एक मला खटकतं: दोन्ही क्षेत्रांतली मजुरी बरोबरीने वर-खाली होते.

आता बोदवडला या. कापसाचं गाव, जिनिंग-प्रेसिंगचं. 2000 साली केंद्राने कापूस तंत्रज्ञान अभियान आणलं आणि जिनिंगच्या आधुनिकीकरणाला अनुदान मिळू लागलं. डोक्यावर कापूस वाहून जिनात टाकण्याचं काम आधुनिक जिनिंगमध्ये हवेच्या पाइपांवर आणि पट्ट्यांवर गेलं. शाळेत मात्र तोच एक शिक्षक, तीच एक तासिका. बॉमोलच्या हिशेबाने शिक्षकाचा पगार जिनिंगच्या मजुरीमागे चढायला हवा. झालं काय? त्याच 2000 साली राज्याने शिक्षणसेवक योजना आणली. पहिली तीन वर्षं पगार नाही, मानधन. प्राथमिकला महिना 3000 रुपये. 2023 मध्ये ते 16000 झालं. सिनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारे तुम्ही ओळखता, कदाचित उद्या तुम्हीच असाल. आजार आहे, पण बिल रोग्याच्या नावावर फाडलंय.

हे शक्य होतं कारण रांगेत माणसं उभी आहेत. आर्थर लुईसने 1954 मध्येच मांडलं होतं की शेतीत जास्तीचे हात असतील तोवर उद्योग वाढला तरी मजुरी फारशी हलत नाही. म्हणजे लुईस संपतो तिथे बॉमोल सुरू होतो, असं माझं वाचन आहे.

बॉमोल इथे अगदीच चुकला असंही नाही हं. कायम प्राध्यापकाला वेतन आयोग लागू आहे, आणि तिथे खर्च त्याने सांगितल्यासारखाच चढतो. पण तो बाजाराने नाही, नियमाने. एकाच स्टाफरूममध्ये, एकच धडा शिकवणारे दोघं, दोन वेगळ्या सिद्धांतांत बसलेले असतात.

2012 च्या पुस्तकात बॉमोल धीर देतो: एकूण उत्पादकता वाढतेय, तेव्हा महाग सेवाही समाजाला परवडतील. समाजाला म्हणजे कोणाला? नफा जिनिंगमालकाकडे, शाळेचं बिल सरकारकडे. मधला रस्ता कराचा आहे, आणि त्याबद्दल तो फार घाईने बोलतो. प्रस्तावासाठी विषय शोधत असाल तर तिथून खणायला घ्या.