खोडाखोडीतून उमललेली चित्रे

चित्र काढणे ही मुलांची क्रीडा आणि चित्रकाराचा व्यवसाय. मधल्या माणसाचा तिच्याशी काय संबंध, असे आपण गृहीत धरून बसलो आहोत. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांनी वस्तुचित्र, स्मरणचित्र व संकल्पचित्र यांची शिस्त महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांना लावली, हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. तथापि ज्याचा हात श्रेणीपर्यंत पोचला नाही, त्याने ‘मला चित्र येत नाही’ हा निकाल जन्मभरासाठी स्वीकारला. पन्नाशीत पेन्सिल उचलावीशी वाटली, तर आड येतो तो हा निकाल, हात नव्हे. या दृष्टीने रवींद्रनाथ ठाकुरांची चित्रे पुन्हा पाहणे उद्बोधक ठरेल.

१८६१ साली जन्मलेल्या रवींद्रनाथांनी चित्रकलेचे रीतसर शिक्षण कधी घेतले नाही. अवनींद्रनाथ व गगनेंद्रनाथ हे पुतणे नामवंत चित्रकार. स्वतः रवींद्रनाथ मात्र या प्रांतात परकेच होते. १९२४ साली अर्जेंटिनात व्हिक्टोरिया ओकाम्पो यांच्या आतिथ्यात असताना ‘पूरबी’ या काव्यसंग्रहाच्या हस्तलिखितात ते खोडलेले शब्द रेघांनी एकमेकांस जोडीत. त्या जोडणीतून कधी पक्षी, कधी अनोळखी श्वापद प्रकट होई. तेव्हा त्यांचे वय ६३ होते. मे १९३० मध्ये ओकाम्पो यांच्याच साहाय्याने पॅरिस येथे त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले, आणि १९४१ मधील निधनापर्यंत चित्रांची संख्या २,००० च्या वर गेली.

या चित्रांत उणिवा नाहीत असे नाही. शरीररचनेचा अभ्यास कच्चा आहे, आणि स्त्रीचा तोच लंबगोल, उदास चेहरा वारंवार भेटतो. परंतु त्यांचे सामर्थ्यही त्याच मुळातून आले आहे. अमुक वस्तू काढायची असे ठरवून ही रेघ निघत नाही. ती आधी उमटते आणि मग आपण काय झालो हे चित्रकाराला सांगते. चूक येथे आरंभबिंदू ठरते.

मात्र यावरून ‘मन मानेल तसे रेखाटावे’ असा अर्थ काढणे उथळपणाचे होईल. खोडलेला शब्द शेजारच्या खोडीशी लयीत जुळलाच पाहिजे, हा या खेळाचा नियम होता, आणि ती लय जाणणारा कान आयुष्यभराच्या काव्यसाधनेने घडलेला होता. याउलट व्हिन्सेंट व्हॅन गॉगने १८८० साली, बेल्जियममधील खाणकामगारांतील धर्मोपदेशकाचे काम सुटल्यावर, वयाच्या २७ व्या वर्षी चित्रकला हाती घेतली, ती बार्गच्या नमुनाचित्रांच्या नकला पुन्हा पुन्हा गिरवीत. एकाने खेळातून आरंभ केला, दुसऱ्याने कष्टातून. पण आपला कागद इतरांच्या कसोटीवर लावण्याची घाई दोघांनीही केली नाही.

हे सारे दूरदेशीचे झाले. आपल्या मराठवाड्यातील प्रौढ माणसाने यातून काय घ्यावे? नांदेडजवळील विष्णुपुरीचेच उदाहरण पाहू. तेथे गोदावरीवर धरण आहे आणि जवळच अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. धरणाच्या आराखड्यातील रेघ चुकली तर माणसांच्या जिवावर बेतेल; तेथे अचूकतेला पर्याय नाही. पण धरणाच्या काठी बसून वहीत काढलेली रेघ चुकली तर कोणाचेच काही बिघडत नाही. या दोन रेघांतील फरक ध्यानी न घेतल्यामुळेच आपण वहीपुढेही अभियंत्याच्या भीतीने बसतो. समोरच्या पाण्याची कड, कागदाकडे न पाहता, केवळ नजरेमागून हात नेत काढून पाहावी. रेखाटन वेडेवाकडे येईल. परंतु ती कड इतक्या बारकाईने आपण पूर्वी पाहिली नव्हती, हे कळेल. किंवा डोळे मिटून चार फरकाटे ओढावेत आणि त्यांत दडलेला प्राणी शोधावा.

रवींद्रनाथांची प्रतिभा अनुकरणाने लाभणार नाही. परंतु प्रौढाजवळही त्याचे म्हणून काही संचित असतेच. शिवणकाम करणाऱ्या स्त्रीला वळण कळते, शेतकऱ्याला तासाची सरळ ओळ, परिचारिकेला चेहऱ्यावरची वेदना. खेळ हे संचित मोकळे करतो. म्हणून घरातील आजोबांनी नातवाच्या वहीचे एखादे पान मागून घेतले, तर हसू नये. दुसरी पेन्सिलही पुढे करावी.