भिंतीवरची माणसे

दिवाळी अंकासाठी व्हिडिओ गेमवर टीकालेख लिहिण्याची पाळी आपल्यावर येईल, असे दहा वर्षांपूर्वी मला कोणी सांगितले असते तर मी त्याला हसलो असतो. खेळाचे परीक्षण ते कसले करावयाचे? पत्ते पिसावेत, डाव मांडावा, हरलो तर चहा पाजावा आणि उठावे. परंतु गेल्या सुट्टीत माझ्या नातीने मला हाताला धरून आपल्या शेजारी बसविले, आणि तीन-चार संध्याकाळी एक खेळ खेळून दाखविला. तो संपला तेव्हा माझ्या मनात जी हुरहूर राहिली, ती चांगली कथा वाचून खाली ठेवताना राहते त्याच जातीची होती. त्या हुरहुरीचा हिशेब देण्यासाठी हा लेख.

खेळाचे नाव 'कॉन्ट्रास्ट'. कॅनडातील मॉन्ट्रियल शहरी २००९ साली स्थापन झालेल्या कंपल्शन गेम्स या छोट्या संस्थेने तो केला आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये तो लोकांपुढे आला. पुढे २०१८ साली मायक्रोसॉफ्टने ही संस्था विकत घेतली. पण हा खेळ त्याआधीचा, मोजक्या माणसांनी मिळून घडविलेला. काळ साधारण १९२० च्या दशकातला. स्थळ म्हणजे नाटकशाळा, सर्कस आणि रात्रीची गाणी यांनी गजबजलेले एक कल्पित शहर.

दिदी ही या शहरातली एक लहानगी. नावाने दिदी, पण वयाने शेंडेफळ शोभावी अशी! आई कॅट रात्री गाण्याच्या बैठकी करते. वडील जॉनी घराबाहेर पडलेले, कर्जात बुडालेले, गुंडांच्या तावडीत सापडलेले. आता सर्कस काढून सारे काही पुन्हा उभे करीन म्हणून परत आलेले. दिदी रात्री अंथरुणातून निसटते आणि आईबापांच्या मागोमाग फिरते. बरोबर असते तिची सखी डॉन. डॉन म्हणजे पहाट. ही सखी दिदीखेरीज कोणाला दिसत नाही, आणि खेळणाऱ्याने चालवावयाची ती हीच.

डॉनला दोन जगांत वावरता येते. एक आपल्यासारखे, लांबी-रुंदी-खोली असलेले. दुसरे सावल्यांचे, भिंतीवर सपाट पसरलेले. उजेड पडलेल्या भिंतीजवळ जाऊन कळ दाबली की ती भिंतीत शिरते आणि स्वतःच सावली होते. तेथे सावल्यांना घनता येते. मेरी-गो-राउंडच्या घोड्याची भिंतीवर सरकणारी सावली ही तिची पायरी होते. दिवा हलवावा की सावली सरकते. खोका दिव्याजवळ न्यावा की सावली वाढते आणि दूरचा सज्जा हाताशी येतो. उडी मारण्याचे आणि कोडी सोडविण्याचे खेळ पुष्कळ आहेत. पण येथे कोडे सोडवावयाचे म्हणजे उजेड कोठून येतो हे पाहावयाचे, ही कल्पना मला मोठी सुंदर वाटली.

पण नुसत्या सुंदर युक्तीसाठी मी लेखणी उचलली नसती. या खेळाचे मर्म निराळेच आहे. दिदी आणि डॉन सोडल्या तर या शहरातले एकही माणूस आपल्याला प्रत्यक्ष दिसत नाही. आई, बाप, गुंड, व्हिन्सेन्झो नावाचा जादूगार, सगळी भिंतीवरच्या सावल्या होऊन बोलतात. आवाज ऐकू येतो, हातवारे दिसतात, चेहरा मात्र नाही. शहराचे रस्तेही मध्येच तुटतात आणि पुढे नुसती पोकळी असते.

हे पाहताना मी पार कुडाळाकडच्या आमच्या जुन्या घरात जाऊन पोचलो. जवळच्या पिंगुळीचे ठाकर चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करीत. पडद्यामागे दिवा, पडद्यावर राम-रावण. ते पाहायला आम्ही मुले हट्टाने जात असू. पण एका रात्री मी आमच्याच माजघराच्या भिंतीवर तसला खेळ पाहिला. ओसरीवर कंदील होता. वडील आणि काका वाटणीचे बोलत होते. शब्द कळत नव्हते. एकाचा हात वर झाला आणि त्याची सावली थेट आढ्याला जाऊन टेकली. मी गोधडी डोक्यावरून ओढून घेतली. महिन्याभरात काकांची चूल वेगळी झाली. का झाली, हे मला कित्येक वर्षे कोणी सांगितले नाही.

लहान मुलांना मोठी माणसे अशीच दिसतात. आकार दिसतो, कारण दिसत नाही. 'कॉन्ट्रास्ट' हे बोलून दाखवीत नाही, आपल्याला खेळायला लावते. मोठ्यांची बोलणी चाललेली असतात आणि डॉन त्यांच्याच सावल्यांवर पाय देत वर चढते. एके ठिकाणी तर बाहुल्यांच्या रंगमंचावर ती स्वतः गोष्टीतले पात्र होते. अशा जागी युक्ती आणि आशय वेगळे काढताच येत नाहीत. कलाकृती म्हणतात ती हीच.

सर्वत्र मात्र असे घडत नाही, हे सांगणे टीकाकाराचे कर्तव्य आहे. पुढे पुढे खोके ढकलणे आणि झळाळते गोळे वेचून यंत्रांत बसविणे यांचाच भरणा होतो. तेथे सावली ही केवळ शिडी राहते, तिच्यातले माणूस हरवते. पण माझी खरी तक्रार याहून खोल आहे. सर्कशीची बिघडलेली यंत्रे दिदीने चालू करावयाची म्हणजे आईबापांचे घर जुळेल, अशी या गोष्टीची मांडणी आहे. घर हे काय यंत्र आहे? मी त्या रात्री कंदिलाची वात कितीही वर-खाली केली असती, तरी काकांची चूल परत आमच्या चुलीशेजारी आली नसती. मोठ्यांनी मोडलेले पोराने सांधावे, ही आशा गोड आहे. पण तिच्या पोटी एक दुष्टावा आहे. न सांधले तर दोष आपला, असे पोर समजते. मी समजत होतो.

ही तक्रार मी नातीजवळ बोलून दाखविली. आईबापांमागे एक गुपितही आहे. ते मी येथे फोडीत नाही, खेळणाऱ्याचा रस जाईल. नात ऐकून घेऊन थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पण आजोबा, डॉनने एवढं सगळं केलं, तरी तिला त्या माणसांचे चेहरे दिसलेच नाहीत ना?"

मला वाटते, माझ्या तक्रारीचे निम्मे उत्तर यात आहे. घर सांधणारी सखी त्या घराबाहेरच राहते, आणि खेळणारा तिच्याबरोबर. हे दुःख खेळाने ओरडून सांगितलेले नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला ते सापडले, मला सापडले नाही. यात खेळाचा मोठेपणा किती आणि माझे आंधळेपण किती, हे वाचकांनी ठरवावे.

या दिवाळीत मुले असला काही खेळ घेऊन बसली तर त्यांच्यावर डाफरू नका. शेजारी बसा, आणि चेहऱ्यावर उजेड पडेल अशा जागी बसा.