‘कोर्ट’मधले गटार

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटाची चर्चा बहुधा न्यायालयीन दिरंगाईपाशीच थांबते. खरा प्रश्न गटारात आहे. सफाई कामगार वासुदेव पवार उतरण्यापूर्वी आत खडा टाकी आणि झुरळ बाहेर येण्याची वाट पाही. झुरळ आले तर आत हवा आहे! विषारी वायूने त्याचा एक डोळा गेलेला. ही साक्ष त्याची बायको कसलाही आक्रोश न करता देते. साधनांविना माणसाला असे उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे; पण इथे एकाही साहेबाला समन्स निघत नाही. पोलीस पकडतात शाहीर नारायण कांबळेंना. त्यांच्या गाण्यामुळे म्हणे पवारने आत्महत्या केली! साक्षीदारही पोलिसांचा नेहमीचाच. आणि नियमांचे कडक पालन कुठे? बाई बिनबाह्यांचा पोशाख घालून आली म्हणून न्यायाधीश तिचा खटलाच ऐकत नाहीत.

ताम्हाणेंची नजर तटस्थ आहे, पण तिलाही मर्यादा आहे. दोन्ही वकिलांच्या घरात, न्यायाधीशाच्या सहलीतसुद्धा कॅमेरा शिरतो. पवारच्या विधवेच्या घरात तो जात नाही. वकील तिला पैसे देऊ करतो. ती काम मागते.