विनोदी चित्रपटाला गुण कसे द्यायचे?
(न्हावरे येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, मघाशी चहा घेताना इथल्या एका तरुणाने आम्हाला सरळच विचारलं, "सर, 'श्वास' मोठा की 'अशी ही बनवाबनवी'?" आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, पण चहा संपला तरी उत्तर काही सुचेना. तेव्हा आज त्याच्यावरच बोलू.

'श्वास'ला २००४ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. मराठीला तो मान त्याआधी मिळाला होता १९५४ साली, अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला. आता गंमत बघा. याच अत्र्यांनी १९३८ साली मास्टर विनायकांसाठी 'ब्रह्मचारी' लिहिला होता. तेव्हा राष्ट्रीय पारितोषिकं नव्हतीच, त्यामुळे त्याला डावललं असं आम्ही म्हणणार नाही. पण ज्याचं नाव काढताच लोक हसायला लागतात, त्याच्या नावावर पदक आहे ते आईच्या आसवांचं!

याचं एक कारण आम्हाला असं दिसतं, की गंभीर चित्रपटाला विषयाचे गुण आगाऊ मिळतात. नातवाच्या डोळ्याला कर्करोग, आणि शस्त्रक्रियेआधी त्याला जग दाखवू पाहणारा आजोबा. नुसती गोष्ट सांगितली तरी गळा दाटतो. (असा विषय भाबडा होऊ न देणं सोपं नाही, ते श्रेय 'श्वास'चं आहेच.) 'बनवाबनवी'चा विषय काय? पुण्यात खोली मिळत नाही, म्हणून दोन बाप्ये साड्या नेसतात. विषयाचे गुण शून्य. जे काही मिळवायचं ते पडद्यावर, आणि तेही वेळेवर. करुण प्रसंग जरा रेंगाळला तर आपण त्याला संयत म्हणतो. विनोद क्षणभर उशिरा आला तर मेला.

दुसरी अडचण प्रेक्षकाची. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्याचे सहा प्रकार सांगितलेत. स्मित आणि हसित उत्तम लोकांचं, विहसित आणि उपहसित मध्यमांचं, अपहसित आणि अतिहसित अधमांचं. डोळ्यांत पाणी येईस्तोवर, कुशी धरून हसणं म्हणजे अधम! आम्ही 'सोंगाड्या' यात्रेतल्या तंबूत पाहिला, खाली मातीत बसून. हशा असा, की पुढची दोन वाक्यं ऐकूच यायची नाहीत. भरतमुनींच्या हिशेबाने तो अख्खा तंबू अधम, आणि आम्ही त्यात पुढच्या रांगेत. आता हाच चित्रपट चार परीक्षकांनी बंद खोलीत, वही मांडीवर घेऊन बघितला तर? रडू एकट्यालाही येतं. हसायला शेजारी माणूस लागतो.

अर्थात हशा झाला म्हणून गुण द्यावेत, असंही नाही. दादा कोंडक्यांच्या नऊ रौप्यमहोत्सवी चित्रपटांची नोंद गिनेसमध्ये गेली, पण त्यांचा सोंगाड्यातला भोळा नाम्या आणि पुढच्या चित्रपटांतले नुसते द्व्यर्थी शब्द यांची किंमत आम्ही एक धरणार नाही. शब्द फुटला की तो विनोद संपला.

कांट म्हणतो, ताणलेली अपेक्षा एकाएकी फुस्स झाली की हसू येतं. मग 'बनवाबनवी'तले ते सत्तर रुपये? पुढे काय येणार हे १९८८ पासून घराघरांत पाठ आहे. अपेक्षा कसली फुस्स होणार? तरी आपण हसतो, कारण अशोक सराफांचा तो निर्ढावलेला गंभीर चेहरा आणि समोर सुधीर जोशींचा घरमालक यांच्यातली ओढाताण दर वेळी नव्याने बघावीशी वाटते. याला अभिनय म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? आणि लक्ष्मीकांत बेर्डे? जाणकार त्यांच्यासाठी चटकन 'एक होता विदूषक'चं नाव घेतात. जब्बार पटेलांचा, पु. लं.नी लिहिलेला, १९९२ चा. काम उत्तमच आहे. पण साडीतला, घाबरलेला, तरी बाईपण निभावणारा परशा आम्हाला जास्त अवघड वाटतो. त्यातला गरोदरपणाचा भाग थोडा लांबलाय, हे मात्र कबूल.

आता आमचीच एक चूक सांगतो. एका महाविद्यालयात लघुपट स्पर्धेला आम्ही परीक्षक होतो. पहिला नंबर दिला आत्महत्येवरच्या लघुपटाला, दुसरा एका विनोदी लघुपटाला. एसटीत एका म्हाताऱ्याची कोंबडी सुटते, एवढीच गोष्ट. सभागृह लोटपोट झालं होतं. निकालानंतर तो मुलगा आला, म्हणाला, "सर, आमचं कुठं चुकलं?" आम्ही वही उघडली. पहिल्या लघुपटावर दीड पान टिपण होतं. त्याच्या नावापुढे दोनच शब्द: मजा आली. त्याचं काही चुकलेलं नव्हतं. कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबतो आणि कोंबडीकडे नुसता बघत राहतो, तिथे त्या मुलाने कॅमेरा हलवला नव्हता, संगीतही घातलं नव्हतं. हे आम्हाला दिसलं होतं, पण ते गुणांत कसं मांडायचं ते ठाऊक नव्हतं. दुसऱ्या लघुपटात आई कोसळते तेव्हा बासरी वाजते, ती मात्र आम्ही माफ केली होती.

तो निकाल आता बदलता येत नाही. आज दिला असता तर कोंबडीला पहिला दिला असता. आणि चहावाल्या चिरंजीवांना सांगतो, 'श्वास' पुन्हा बघा, 'बनवाबनवी'ही बघा; पण दुसरा एकट्याने मोबाइलवर नको. घरातल्या चार जणांना घेऊन बसा आणि मग आम्हाला फोन करा.