वर्ज्य रस्ते : सायकलस्वारांच्या नियमपत्रिकांचें परीक्षण

काव्य, नाटक व कादंबरी यांचें परीक्षण करणें एवढेंच टीकाकाराचें काम, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. परंतु ज्या लेखनाला कोणी वाङ्मय म्हणत नाहीं, अशा लेखनांतहि समाजाचें मन कित्येकदां अधिक स्पष्टपणें उमटलेलें असतें. खेळांच्या नियमपत्रिका या अशाच लेखनांत मोडतात. नियम लिहिणाऱ्यानें आपल्या वाचकाविषयीं कांहींतरी गृहीत धरलेलें असतें. तो लबाड आहे कीं सज्जन आहे, हें मनाशीं ठरविल्यावांचून त्याला एकहि कलम लिहितां येत नाहीं. या दृष्टीनें दूर पल्ल्याच्या स्वावलंबी सायकल-प्रवासाच्या दोन नियमपत्रिका आम्हांस परीक्षणास योग्य वाटतात. एक, फ्रान्समध्यें जन्मलेल्या आणि आतां पुण्यासहि परिचित झालेल्या ‘ब्रेव्हे’ची, दुसरी, युरोप खंड ओलांडणाऱ्या ‘ट्रान्सकॉन्टिनेन्टल’ शर्यतीची.

हा विषय पुण्याच्या वाचकाला परका वाटण्याचें कारण नाहीं. सुटीच्या दिवशीं पहाटे कात्रजच्या चौकांत उभें राहिल्यास, मागेंपुढें दिवे लावून घाटाकडे निघालेले सायकलस्वार कोणालाहि दिसतील. त्यांतले पुष्कळसे केवळ व्यायामासाठीं आलेले असतात. परंतु कांहीं जण ब्रेव्हेची तयारी करणारेहि असतात. ब्रेव्हेमध्यें 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27 आणि 600 ला 40 तास अशी मुदत असते. वाटेंतल्या नेमलेल्या ठाण्यांवर आपल्या पत्रिकेवर शिक्का घ्यावयाचा, अगर तेथें गेल्याचा दुसरा पुरावा आणावयाचा. मागून मदतीची मोटार आणावयाची नाहीं. पंक्चर झाल्यास आपलें आपण काढावयाचें. पहिला कोण व दुसरा कोण असा निकाल येथें लागत नाहीं. ट्रान्सकॉन्टिनेन्टल ही मात्र खरी शर्यत आहे. माइक हॉल या इंग्रज सायकलपटूनें ती 2013 मध्यें सुरू केली, व पहिल्या वर्षीं ती लंडनहून इस्तंबूलला गेली. तिच्यांत मोजकीं ठाणीं नेमलेलीं असतात, आणि दोन ठाण्यांमधला बराचसा रस्ता ज्यानें त्यानें निवडावयाचा असतो. नकाशा वाचणें हें येथें अर्धें कौशल्य आहे. म्हणूनच आयोजकांनीं वर्ज्य ठरविलेल्या रस्त्यांची यादी या शर्यतींत फार महत्त्वाची ठरते.

या दोन पत्रिकांची भाषा पाहावी. ब्रेव्हेच्या नियमांत असें एक कलम आहे कीं, प्रत्येक स्वार हा खासगी सफरीवर निघाला आहे असें समजलें जाईल व रहदारीचा कायदा त्याला पूर्णपणें लागू राहील. वरवर वाचणारा म्हणेल कीं, आयोजकानें अंग झाडून मोकळें होण्याची ही वकिली युक्ति आहे. तेवढा हेतु तींत असेलहि. परंतु या कलमानें साधलेला परिणाम त्याहून मोठा आहे. छातीवर क्रमांक लावला म्हणून रस्त्यावर तुझा अधिकार तिळभरहि वाढला नाहीं. भाजीची पाटी घेऊन जाणाऱ्या बाईइतकाच तूं येथें एक वाटसरू आहेस, असें तें कलम स्वाराला बजावतें. खेळाडूला नागरिकाच्या पायरीवर आणून बसविणारा असा दुसरा नियम आमच्या पाहण्यांत नाहीं.

ट्रान्सकॉन्टिनेन्टलच्या नियमांचा गाभा स्वावलंबन व समान संधि हा आहे. जें विकत घेतां येतें व सर्व स्वारांना सारखेंच उपलब्ध आहे तें घेण्यास हरकत नाहीं. जें तुझ्या एकट्यासाठीं कोणी आणलें आहे तें घेऊं नये. हा नियम आपल्या भूमीवर लावून पाहिला म्हणजे त्याची सूक्ष्मता ध्यानांत येते. खेड-शिवापुरच्या टपरीवरचा चहा चालेल. पण शिरवळला मावशीनें प्रेमानें आणून दिलेला डबा चालणार नाहीं. आपल्या आतिथ्यशील मनाला हें क्रूर वाटतें. तथापि ज्या स्वाराची मावशी शिरवळला राहत नाहीं, त्याचा विचार केला म्हणजे या क्रौर्यांतला न्याय उमगतो.

या नियमामागें बराच इतिहास आहे. 1904 च्या ‘तूर द फ्रान्स’ शर्यतींत रात्रीच्या काळोखाचा फायदा घेऊन इतके गैरप्रकार झाल्याचे आरोप आले कीं, चौकशीअंतीं पहिले चारहि विजेते बाद करण्यांत आले. पुढें पहारा कडक झाला. 1913 मध्यें युजेन क्रिस्तोफ या स्वाराच्या सायकलचा पुढचा चिमटा तूरमाले घाटांत मोडला, तेव्हां तो सायकल खांद्यावर घेऊन कित्येक किलोमीटर चालत खालच्या गांवीं आला आणि लोहाराच्या भट्टीवर त्यानें तो स्वतः जोडला. पंच शेजारीं उभे राहून पाहत होते. एका पोरानें भाता ओढला, एवढ्याच परकीय मदतीसाठीं त्याला वेळेचा दंड झाला. ही गोष्ट सांगून लोक पंचांना हंसतात. आम्हांस तींतला दुसराच भाग विचार करण्याजोगा वाटतो. नियम पाळला जावा म्हणून तेथें भट्टीपाशीं पंच उभा करावा लागला होता. आजच्या स्वावलंबी शर्यतीनें नियमाचा तो कडकपणा ठेवला, पण बहुतेक वाटेवरचा पंच काढून घेतला.

पंचाच्या जागीं आज ट्रॅकर आला आहे, असें कोणी म्हणेल. परंतु हें यंत्र स्वार कोठें आहे एवढेंच सांगतें. त्यानें काय खाल्लें, कोणाच्या आडोशानें तो वाऱ्यांतून गेला, कोणाच्या घरीं तो झोंपला, हें तें सांगत नाहीं. यामुळें एक चमत्कारिक स्थिति उत्पन्न झाली आहे. साऱ्या नियमांत वर्ज्य रस्त्याचा भंगच काय तो यंत्रानें सहज सिद्ध होतो. म्हणून वादहि त्याच्याभोंवतीं अधिक माजतात. आणि जें सिद्ध होतें तेवढाच नियम, बाकीच्या सद्भावना, अशी समजूत हळूहळू रूढ होऊं लागते. अशी समजूत पसरली तर या खेळाला त्यापरता मोठा धोका नाहीं.

आतां रस्ते वर्ज्य कां होतात तें पाहूं. कांहीं ठिकाणीं सरकारी कायदाच सायकलीला मज्जाव करतो. 2002 मध्यें पूर्ण झालेला मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग हें आपलें जवळचें उदाहरण; तेथें पादचारी, दुचाकी व सायकली यांना बंदी आहे, आणि सायकलस्वारांनीं जुन्या रस्त्यानें बोरघाट चढावा अशी अपेक्षा आहे. कांहीं ठिकाणीं कायदा गप्प असतो, पण जड वाहनांची गर्दी पाहून आयोजक आपण होऊन रस्ता वर्ज्य करतो. ही भीति काल्पनिक नव्हे. खुद्द माइक हॉल 31 मार्च 2017 रोजीं ऑस्ट्रेलियांतल्या एका स्वावलंबी शर्यतींत मोटारीची धडक बसून मरण पावला. ज्यांचीं मुलेंमुली रात्रीं-अपरात्रीं महामार्गावर सायकल घेऊन जातात, त्या घरांना याहून अधिक कांहीं सांगावयास नको.

नियमभंग करणाऱ्यांचे युक्तिवाद ठरलेले आहेत. ‘थोडेंच अंतर गेलों’, ‘नकाशानें तिकडे नेलें’, ‘इतरहि गेले’. यांचें खंडन करीत बसण्याचें कारण नाहीं. हे तिन्ही युक्तिवाद शाळकरी आहेत. चौथा मात्र गंभीर आहे. तो असा कीं, वर्ज्य रस्ता रुंद व कडेला मोकळी पट्टी असलेला असतो, आणि नेमून दिलेला रस्ता अरुंद, खड्ड्यांचा व अंधाराचा असतो. मग सुरक्षिततेसाठीं केलेला नियम सुरक्षिततेसाठींच कां मोडूं नये?

कात्रजचेंच स्थळ घेऊं. दक्षिणेकडे जाणाऱ्या स्वाराला येथें दोन वाटा आहेत. एक जुन्या घाटाची, वळणावळणांनीं चढून माथ्यावरच्या जुन्या अरुंद बोगद्यांतून पलीकडे उतरणारी. दुसरी जांभूळवाडीच्या बाजूनें नव्या बोगद्यांतून सरळ जाणारी. दोन्ही पलीकडे शिंदेवाडीच्या अंगाला एकत्र येतात. एखाद्या आयोजकानें नवा बोगदा वर्ज्य ठरवून जुना घाट नेमून दिला, अशी कल्पना करूं. रात्रीचे दोन वाजले आहेत. एक स्वार नियमाप्रमाणें घाट चढतो. दुसरा, आपल्याला नवा रस्ता अधिक सुरक्षित वाटतो म्हणून बोगद्यांतून जातो. दुसऱ्याचें मत कदाचित् बरोबरहि असेल. परंतु शिंदेवाडीला तो पुढें निघालेला असतो, आणि हें पुढें असणें त्यानें घाट चढणाऱ्याच्या खिशांतून काढून घेतलेलें असतें. सुरक्षितता हाच त्याचा खरा हेतु असेल, तर त्यानें बोगद्यांतून जावें, पण तेथेंच शर्यत सोडल्याचें जाहीर करावें. अथवा माघारीं येऊन जेथून रस्ता सोडला तेथूनच पुन्हां सुरुवात करावी. प्राण वांचविण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. त्याबरोबर क्रमांकहि राखण्याचा अधिकार कोणाला नाहीं. ज्याचें नुकसान होतें तो त्या वेळीं तेथें हजर नसतो व बोलूंहि शकत नाहीं. स्वावलंबी खेळांतला नियम हा अशा गैरहजर माणसाला दिलेला शब्द असतो.

एवढें म्हटल्यावर नियमकर्त्यांचे दोषहि सांगितले पाहिजेत. वर्ज्य रस्त्यावर गेल्यास वेळेचा दंड करण्याची जी पद्धत आहे, ती आम्हांस सदोष वाटते. वांचलेल्या वेळाहून दंड कमी असेल, तर तो दंड राहत नाहीं, टोल होतो; हिशेबी स्वार तो भरून पुढें जातो आणि प्रामाणिक स्वार मूर्ख ठरतो. चुकून गेलेल्यानें मागें फिरावें व जाणूनबुजून गेलेल्याचें नांव निकालांतून वगळावें, ही रीत अधिक सरळ आहे. तसेंच रस्ता वर्ज्य कां, याचें कारण यादींत दिलेलें असावें. कारण ठाऊक असलेला नियम माणूस अंधारांतहि पाळतो.

दुसरा दोष सरकारचा. 2024 मध्यें सुरू झालेला मुंबईचा अटल सेतु व सागरी किनारा मार्ग या दोहोंवरहि सायकलीला बंदी आहे. रस्ता कोणासाठीं नाहीं हें आमचें राज्य तत्परतेनें सांगतें. त्यानें जावें कोठून, हें सांगण्याची तत्परता मात्र क्वचित् दिसते. हा अन्याय आहे व त्याविरुद्ध अर्ज, सभा, लेख या मार्गांनीं भांडलें पाहिजे. परंतु शर्यतींत चार तास वांचविण्यासाठीं केलेल्या नियमभंगाला सत्याग्रहाचें नांव देऊं नये. सत्याग्रही कायदा उघड मोडतो आणि शिक्षा मागून घेतो. हा तर ट्रॅकर बिघडला होता असें सांगतो.

पुणें हें एके काळीं सायकलींचें शहर होतें. त्या काळीं दिव्यावांचून जाणारा स्वार चौकांत पोलीस दिसतांच खालीं उतरे, सायकल हातांत धरून साळसूदपणें चालूं लागे व वळण ओलांडलें कीं पुन्हां स्वार होई. या आठवणी आपण कौतुकानें सांगतों. पण दिवा पोलिसासाठीं आहे, अशी जी शिकवण त्यांत होती, ती आपल्या सार्वजनिक जीवनाच्या हाडीं मासीं खिळली आहे. परीक्षागृहांत, कचेरींत व रस्त्यावर आपण पहारेकरी वाढवीत चाललों आहों, आणि प्रत्येक पहारेकऱ्यामागें दुसरा नेमावा लागतो आहे. अशा काळांत कांहीं तरुण-तरुणी स्वखुशीनें असा खेळ पत्करतात कीं, ज्यांत पहारा जवळजवळ नाहीं, बक्षीसहि बहुधा नाहीं, आणि तरीहि नियम पाळावयाचा आहे. या नियमपत्रिकांनीं आपला वाचक सज्जन गृहीत धरला आहे. तो मान त्यांच्याकडून मिळाल्यावर त्याला पात्र ठरणें ही आतां स्वारांची जबाबदारी आहे.