‘नटरंग’ : हशा, आघात आणि पुरस्कार यांमधील मोकळी जागा

आनंद यादव (१९३५-२०१६) यांची ‘नटरंग’ ही कादंबरी १९८० साली प्रसिद्ध झाली. तिच्यावर आधारित त्याच नावाचा चित्रपट १ जानेवारी २०१० रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शक रवी जाधव यांचा हा पहिलाच चित्रपट. ५७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. या माध्यमांतराची चर्चा बहुधा लावणी, अजय-अतुल यांचे संगीत आणि अतुल कुलकर्णी यांनी भूमिकेसाठी घडवून आणलेला शारीरिक बदल यांभोवतीच फिरत राहिली. गुणा कागलकर या कलावंताच्या मनाचे काय होते, हा प्रश्न तीत मागे पडला. प्रस्तुत लेखात चित्रपटाचे मूल्यमापन याच प्रश्नाच्या अनुषंगाने केले आहे.

गुणा हा तालमीत कमावलेल्या शरीराचा शेतमजूर. तमाशाचे वेड जुनेच. विहिरीवर मोटार बसून हातचे काम सुटल्यावर तो फड उभा करतो. वगात राजा व्हावे हे त्याचे स्वप्न असते; परंतु नाच्याशिवाय फड चालत नाही आणि नाच्या व्हायला कोणी तयार होत नाही. अखेर गुणाच कंबर लचकवायला शिकतो. येथील विनोद आणि शोक एकाच कृतीतून निर्माण होतात, हे मूळ कथावस्तूचे बलस्थान होय. प्रेक्षकाला हसू येते ते पुरुषी देहाच्या त्या अवघडलेल्या लचकण्याला, आणि गुणाची जखमही तीच असते.

चित्रपट हे बलस्थान नेमके ओळखतो. कादंबरी एकट्याने वाचली जाते; वाचकाच्या शेजारी हसणारे कोणी नसते. चित्रपटगृहातील प्रेक्षक मात्र पडद्यावरील फडाच्या प्रेक्षकांबरोबर हसतो आणि काही वेळाने आपण कोणाच्या बाजूने हसलो, या विचाराने अस्वस्थ होतो. हा अनुभव केवळ चित्रमाध्यमच देऊ शकते. अतुल कुलकर्णी यांचा अभिनय येथे निर्णायक ठरतो. रंगमंचावरील हावभाव हळूहळू अंगवळणी पडतात आणि मंचाबाहेरही गुणा पूर्वीचा पैलवान राहत नाही. हा बदल संवादांतून कमी आणि खांदे, मान व बोटे यांतून अधिक कळतो. संगीताविषयी मात्र तक्रार नोंदवावी लागते. गाणी उत्तम आहेत, आणि म्हणूनच ती गुणाला झाकून टाकतात.

या कथेला वास्तवाचा आधार शोधण्यास दूर जावे लागत नाही. मराठी चित्रपटांत नाच्याच्या भूमिकांनी घराघरांत पोहोचलेले कोल्हापूरचे गणपत पाटील (निधन २००८) हे विवाहित, मुलाबाळांचे गृहस्थ होते. तरीही पडद्याबाहेर लोकांनी त्यांना नाच्या म्हणूनच पाहिले आणि त्या कुचेष्टेची झळ त्यांच्या कुटुंबालाही लागली. याच महाराष्ट्राने स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांना डोक्यावर घेतले. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. दोन्ही पुरुष स्त्रीसारखे वावरले. पण एकाच्या वाट्याला शालू आणि नाट्यगृह आले, दुसऱ्याच्या वाट्याला शिट्ट्या. विदर्भातील खडी गंमतीत लुगडे नेसून उभ्या राहणाऱ्या पुरुष कलावंतांचाही विचार याच संदर्भात करावा लागतो. उपहास भूमिकेचा कमी व वर्गाचा अधिक असतो.

चित्रपटाची खरी मर्यादा उत्तरार्धात आहे. स्थानिक राजकारण्यांच्या स्पर्धेत सापडलेल्या गुणावर अमानुष लैंगिक अत्याचार होतो. घरही त्याला नाकारते. नैना (सोनाली कुलकर्णी) तेवढी सोबत राहते. यानंतर कथा एकदम वृद्ध गुणाच्या जीवनगौरव पुरस्काराशी येऊन थांबते. मधली वर्षे गाळली आहेत. त्या वर्षांत त्याला झोप लागत होती का, गर्दीसमोर पुन्हा उभे राहताना छाती धडधडत होती का, पुरुष असून असे घडल्याची लाज त्याने कोणाजवळ बोलून दाखवली का? चित्रपटाला हे प्रश्नच पडत नाहीत. टाळ्यांनी जखम भरते असे तो गृहीत धरतो.

तुलनेसाठी ‘द ब्लू एंजल’ (१९३०) घेता येईल. हाइनरिश मान यांच्या १९०५ मधील कादंबरीत प्रतिष्ठा गमावलेला प्राध्यापक गावावर सूड उगवतो. दिग्दर्शक योसेफ फॉन स्टर्नबर्ग त्यालाच विदूषक बनवतात आणि स्वतःच्या गावातील प्रेक्षकांसमोर कोंबड्यासारखे आरवायला लावतात. तेथे हशा आणि मनाचा भंग एकाच क्षणी घडतात. आणि दिग्दर्शक पुढे कोणताही सत्कार ठेवत नाही. प्राध्यापक आपल्या जुन्या वर्गातील टेबलाला धरून प्राण सोडतो. मूळ कृतीपासून दूर जाणे हा दोष नसतो, हेही या उदाहरणावरून दिसते. रूपांतरकार कोणत्या दिशेने दूर गेला, हे पाहावे लागते.

‘नटरंग’नंतरच्या काळात या विषयाची भाषा बदलली. दीपिका पदुकोण यांनी २०१५ मध्ये आपल्या नैराश्याविषयी जाहीरपणे सांगितले. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने उपचार हा हक्क मानला. मात्र जून २०२० मध्ये सुशांतसिंह राजपूत यांच्या मृत्यूनंतर वृत्तवाहिन्यांवर जे चालले, त्यात तमाशातील शिट्ट्याच अधिक ऐकू आल्या. मुंबईतील तारा निदान डॉक्टरकडे जाऊ शकतो. फडावरील कलावंताला आजही आधी गावाच्या नजरेतून वाट काढावी लागते.

महाविद्यालयीन स्नेहसंमेलनांत ‘अप्सरा आली’ आणि ‘वाजले की बारा’ या गाण्यांवर मुली आत्मविश्वासाने नाचतात व त्यांचे कौतुकही होते. एखादा मुलगा नाच्या होऊन मंचावर येतो तेव्हा पहिल्या रांगेतील प्राध्यापकही हसतात. दुसऱ्या दिवशी वर्गात त्याला त्याच नावाने हाक मारली जाते.